ओल्या कोपऱ्यातील बाग

तुमच्या घरामागे किंवा शाळेच्या आवारात असा एखादा कोपरा असेल, जिथे ऊन पोहोचत नाही. एका बाजूला उंच भिंत, दुसऱ्या बाजूला पाण्याचा हौद किंवा नळ. जमीन सदा ओलसर. भिंतीवर शेवाळ. तिथे कोणी हौसेने गुलाब लावतो. गुलाबाला पाने येतात, फूल येत नाही. कोणी झेंडू लावतो. झेंडू उंच आणि बारीक वाढतो आणि एके दिवशी मान टाकतो. मग घरातील माणसे म्हणतात, "या जागेत काहीच उगवत नाही." हळूहळू त्या कोपऱ्यात फुटक्या बादल्या, तुटकी खुर्ची, गंजलेली सायकल येऊन पडते.

बिचाऱ्या जागेला आपण उगाच दोष देतो. गुलाब आणि झेंडू ही उन्हाची झाडे. त्यांना सावलीत उभे केले तर ती कशी हसतील? या कोपऱ्याला आवडेल असे झाड वेगळे आहे. त्याचे मराठी नाव नेचा. इंग्रजीतील फर्न हे नाव तुम्ही ऐकले असेल. फर्न म्हणजेच नेचा.

नेचा ओळखणे सोपे आहे. त्याचे कोवळे पान जमिनीतून वर येते, तेव्हा ते जिलबीसारखे गुंडाळलेले असते. रोज थोडे थोडे उलगडत जाते. पूर्ण उलगडले की पक्ष्याच्या पिसासारखे दिसते. नेच्याला फूल येत नाही, फळ येत नाही आणि बीसुद्धा येत नाही. पृथ्वीवर फुलझाडे आली त्याच्या कितीतरी आधी, सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वी, नेचे होते. डायनोसॉर त्यांच्या नंतर आले आणि निघूनही गेले. आज जगात नेच्यांच्या १०,००० हून अधिक जाती आहेत.

तुम्ही मुंबईत किंवा भिवंडीत राहत असाल, तर जुन्या इमारतीच्या गळक्या पाइपाजवळ भिंतीतून डोकावणारे नेचे तुम्ही पाहिले असतील. रत्नागिरी आणि रायगडच्या मुलांना तर ते नवीन नाहीत. जूनमध्ये दोन-चार चांगले पाऊस पडले, की जांभ्या दगडाच्या गडग्यांवर नेच्यांची हिरवी झालर लागते. मालेगाव, जालना, परभणीच्या मुलांनी एखाद्या जुन्या विहिरीत वाकून पाहावे. बाहेर जमीन तापलेली असली तरी विहिरीच्या आतल्या दगडांत नेचा दिसेल. (वाकताना मोठे माणूस जवळ हवे आणि कठडा घट्ट धरलेला हवा!)

बी नाही, तर नेच्याचे नवे रोप येते कोठून? हा प्रश्न युरोपातील लोकांना शेकडो वर्षे पडला होता. झाड आहे म्हणजे बी असणारच, असे ते म्हणत. मग ते दिसत का नाही? कारण ते अदृश्य आहे! आणि ज्याच्याजवळ हे अदृश्य बी असेल तो माणूसही अदृश्य होतो, अशी समजूत पसरली. परीक्षेच्या दिवशी तुम्हांलाही असे बी हवेसे वाटले असते.

खरी गोष्ट या समजुतीपेक्षाही मजेदार आहे. मोठ्या झालेल्या नेच्याचे एक पान हळूच उलटून पाहा. मागच्या बाजूला तपकिरी ठिपके किंवा पट्ट्या दिसतील. त्यांत अगदी बारीक पिशव्या असतात. पिशवी वाळली की ती फुटते आणि गोफणीसारखी झटकन उलटून आतील भुकटी दूर भिरकावते. या भुकटीच्या प्रत्येक कणाला बीजाणू म्हणतात. तो इतका हलका असतो, की वारा त्याला सहज उडवून नेतो. म्हणून तर कोणी न लावता नेचा तिसऱ्या मजल्याच्या भिंतीत उगवतो.

बीजाणू ओल्या जागी पडला की त्यातून लगेच नेचा येत नाही. आधी एक पातळ हिरवी चकती तयार होते. तिचा आकार पत्त्यांतील बदामासारखा असतो आणि ती करंगळीच्या नखापेक्षाही लहान असते. या चकतीच्या खालच्या बाजूला नर पेशी आणि मादी पेशी तयार होतात. नर पेशी पोहत पोहत मादी पेशीपर्यंत जाते. त्या दोघींच्या मिलनातून नव्या नेच्याचे पहिले पान फुटते. आता विचार करा, पोहायला काय लागते? पाणी! चकतीखाली पाण्याचा पातळसा थर असला तरी पुरे. पण तेवढाही नसेल, तर नवा नेचा जन्मालाच येणार नाही.

म्हणजे नेच्याला ओल हवी ती केवळ तहान भागवण्यासाठी नव्हे. त्याचा जन्मच ओलीत होतो. एवढे लक्षात राहिले, तर नेचा कोठे लावावा हे कोणाला विचारावे लागणार नाही.

नेच्यांच्या आयुष्यातील या दोन पिढ्यांचा, म्हणजे चकतीचा आणि झाडाचा, नियम नीट जुळवून मांडला तो विल्हेल्म होफमाइस्टर या जर्मन माणसाने, १८५१ साली. तेव्हा तो २७ वर्षांचा होता. तो कोणत्याही विद्यापीठात शिकलेला नव्हता. वडिलांच्या संगीताच्या पुस्तकांच्या धंद्यात तो काम करी आणि पहाटे लवकर उठून, कामाला जाण्यापूर्वी, सूक्ष्मदर्शकाखाली झाडांचे भाग पाहत बसे. पुढे १८६३ साली तो हायडेलबर्गच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला. दुकान सांभाळून अभ्यास करणारी मुले आपल्या वर्गातही असतात, म्हणून त्याचे नाव येथे मुद्दाम सांगितले.

आता आपल्या कोपऱ्याकडे वळू. सर्व नेचे सारखे नसतात. काही फार नाजूक असतात, तर काही काटक. काटक म्हणजे हाल सोसूनही तग धरणारा. आपल्याला सुरुवातीला काटक नेचेच हवेत.

पहिला मान नेफ्रोलेपिस या नेच्याचा. नाव अवघड आहे, झाड सोपे आहे. रोपवाटिकेत "फर्न द्या" म्हटले, की बहुधा हाच हातात मिळतो. त्याची पाने तलवारीसारखी लांब असतात आणि त्यांवर दोन्ही बाजूंना छोट्या पर्णिका ओळीने लागलेल्या असतात. तो दोऱ्यासारखे धुमारे जमिनीवर पसरतो आणि प्रत्येक धुमाऱ्यावर नवे रोप येते. एका वर्षात एका कुंडीच्या चार कुंड्या करता येतात. त्याच्या एका जातीच्या मुळांना लहान बोराएवढ्या गाठी असतात. त्यांत पाणी साठते. एखाद्या सुट्टीत तुम्ही त्याला विसरलात, तर तो या साठ्यावर काही दिवस काढतो. ज्यांनी आजवर एकही झाड लावलेले नाही, त्यांनी यानेच सुरुवात करावी.

दुसरा टेरिस. याला चुना आवडतो. म्हणून तो जुन्या भिंतींत, पुलांखाली, विहिरींच्या बांधकामात आपोआप येतो. विटांच्या तुकड्यांमध्ये लावला तरी रुसत नाही. टेरिसच्या एका जातीबद्दल २००१ साली एक आश्चर्यकारक गोष्ट जगाला कळली. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातील शास्त्रज्ञांना असे दिसले, की हा नेचा जमिनीतील अर्सेनिक, म्हणजे सोमल नावाचे विष, ओढून घेतो आणि आपल्या पानांत साठवतो. विषारी जमीन स्वच्छ करण्यासाठी त्याचा उपयोग होऊ शकतो. आपल्यासाठी यातून एवढेच, की भिंतीवरचा नेचा शेळीला चारू नये आणि आपणही कोणताही अनोळखी नेचा तोंडात घालू नये.

तिसरा हंसराज. दिसायला सर्वांत सुंदर. त्याचे देठ काळे, चकचकीत आणि केसासारखे बारीक असतात. पाण्याचा थेंब त्याच्या पानावर थांबत नाही, मोत्यासारखा घरंगळून जातो. याच कुळातील एका नेच्याला युनानी हकीम परसियावशान म्हणतात. खोकल्याच्या काढ्यात तो वापरतात. तुमच्या दादीला किंवा नानीला विचारा, हे नाव त्यांनी ऐकले असेल. आपल्याकडच्या हंसराजाची एक गंमत आहे. त्याच्या पानाचे टोक लांब होऊन जमिनीला टेकते आणि टेकल्या जागी मुळे धरून नवे रोप तयार होते. जणू तो एक एक पाऊल टाकत चालतो. पावसाळा संपला की त्याची पाने वाळून जातात. तेव्हा तो मेला असे समजून कुंडी रिकामी करू नका. जमिनीखाली तो जिवंत असतो.

आणि चौथा बाशिंग. हा जमिनीत राहत नाही, झाडाच्या फांदीवर किंवा खडकावर बसतो. लग्नात नवरदेवाच्या कपाळाला बाशिंग बांधतात, जसा आपल्याकडे सेहरा बांधतात, तशी याची पाने झाडाला शोभतात. याला दोन प्रकारची पाने असतात. मोठी हिरवी पाने आणि बुंध्याशी लहान, तपकिरी, कागदासारखी पाने. ही तपकिरी पाने वाळकी समजून तोडू नयेत. वरून पडणारा पालापाचोळा ती झेलून धरतात आणि तो कुजून बाशिंगाचे अन्न होतो. आंब्याच्या झाडावर राहूनही तो आंब्याचे काही चोरत नाही. त्याला फक्त बसायला जागा हवी असते.

लागवडीचा उत्तम काळ म्हणजे जून-जुलै. हवा दमट असते आणि मुळे लवकर रुजतात. घराची उत्तरेकडची बाजू सर्वांत चांगली. पूर्वेचे सकाळचे कोवळे ऊन तासभर आले तरी चालते. पश्चिमेचे दुपारचे ऊन मात्र नको. त्या उन्हात नेच्याची पाने कडेने करपतात. सावली म्हणजे अंधारही नव्हे. जिथे दिवसा दिवा न लावता पुस्तक वाचता येते, तिथे नेचा आनंदाने राहतो. बंद, काळोख्या खोलीत तो काही आठवडेच टिकेल.

ओल आणि चिखल यांतील फरक नीट समजून घ्या, कारण सर्वांत जास्त नेचे याच ठिकाणी मरतात. नेच्याची मुळे बारीक असतात. त्यांना पाणी हवे, तशीच हवाही हवी. साचलेल्या पाण्यात ती गुदमरून कुजतात. मूठभर माती हातात घेऊन दाबा. तिचा गोळा झाला आणि हात ओला झाला, पण पाणी टपकले नाही, तर ती माती बरोबर आहे. पाणी टपकत असेल, तर आधी त्याला वाट काढून द्या. डबके राहू दिले, तर तिथे नेच्यांऐवजी डास वाढतील आणि घरात मलेरिया, डेंग्यू येईल. कुंडीखालच्या ताटलीतील पाणीही दोन-तीन दिवसांनी ओतून टाकावे.

मातीत एक भाग साधी माती, एक भाग जाडी वाळू किंवा विटांचा चुरा आणि एक भाग कुजलेला पालापाचोळा मिसळा. नारळाच्या काथ्याचा भुसा मिळाला तर तोही घाला, तो पाणी धरून ठेवतो. शेणखत घालायचे तर पूर्ण कुजलेले आणि मूठभरच. येथे उर्दू माध्यमाच्या मुलांनी गोंधळून जाऊ नये. आपण घरी ज्याला ख़त म्हणतो, ती चिठ्ठी. मराठीतील खत म्हणजे झाडाचे अन्न. रासायनिक खताचे दाणे मात्र नेच्याच्या मुळाशी टाकू नयेत. त्यांनी बारीक मुळे जळतात.

नेच्याचे खोड बहुधा जमिनीत आडवे असते. आपण ज्याला पाने म्हणतो, ती त्या खोडातून वर येतात. हे खोड खोल पुरू नका. नवी जिलबी जिथून निघते, तो भाग मातीच्या वर राहिला पाहिजे. बोटांनीच माती दाबा, पायाने नको. मग वरून वाळक्या पानांचा थर पसरा. अंगण झाडून आपण जो पालापाचोळा जाळतो, तोच येथे सोन्याच्या मोलाचा आहे.

पाणी सकाळी घालावे. तांदूळ किंवा भाजी धुतल्याचे पाणी चालते. कपडे धुतल्याचे साबणाचे पाणी चालत नाही. पाण्याची टंचाई असलेल्या गावांत हे महत्त्वाचे आहे. अम्मीला सांगून तांदळाचे पाणी बाजूला ठेवले, तर दोन कुंड्या सहज जगतात. एप्रिल-मे महिन्यांत मालेगावसारख्या गावी हवा इतकी कोरडी होते, की माती ओली असूनही पाने चुरचुरीत होतात. अशा वेळी सगळ्या कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवा. झाडे जवळ असली की त्यांच्या मधली हवा दमट राहते. कुंडीभोवती ओले गोणपाट गुंडाळले तरी फायदा होतो. एवढे करूनही काही पाने वाळली, तर ती कापून टाका. खोड हिरवे असेल, तर पहिल्या पावसानंतर नवी जिलबी येते.

दरवर्षी कोणीतरी विद्यार्थी घाबरून पान घेऊन येतो आणि म्हणतो, "सर, नेच्याला कीड लागली!" पान पाहावे तर मागे बीजाणूंचे ठिपके. कीड कशी ओळखावी? बीजाणूंचे ठिपके शिस्तीत असतात, शाळेच्या रांगेसारखे. खवले कीड कशीही विखुरलेली असते, देठावरही असते, आणि नखाने खरवडली तर निघते व बोट चिकट होते. तसे झाले तर ओल्या फडक्याने पान पुसून घ्यावे. विषारी औषध फवारण्याची गरज नाही.

सहलीच्या वेळी आणखी एक मोह होतो. महाबळेश्वर, माथेरान, आंबोली येथे रस्त्याच्या कडेला सुंदर नेचे दिसतात आणि मुले ते उपटून पिशवीत घालतात. तेथील धुक्यात वाढलेला नेचा आपल्या गावच्या उन्हाळ्यात एक महिनाही टिकत नाही. तिकडे जागा रिकामी होते आणि इकडे कुंडीही रिकामी राहते. सह्याद्रीत काही ठिकाणी तर माणसापेक्षा उंच वाढणारे वृक्षनेचे आहेत. ते आधीच कमी झाले आहेत. डोंगरातील नेचा डोंगरातच पाहावा. आपल्या कोपऱ्यासाठी शेजाऱ्याकडून एक धुमारा मागून आणावा, किंवा स्वतःच बीजाणूंपासून नेचे वाढवावेत.

बीजाणूंपासून नेचे? होय, आणि तेही काचेच्या बरणीत. ही युक्ती एका योगायोगातून सापडली. लंडनमध्ये नॅथॅनिएल वॉर्ड नावाचे एक डॉक्टर होते. त्यांना नेच्यांचा फार नाद. घरामागे दगड रचून त्यांनी नेचे लावले, पण शहरातील कोळशाच्या धुराने ते मरून गेले. १८२९ साली त्यांनी एका पतंगाचा कोश ओल्या मातीत घालून काचेच्या बाटलीत बंद केला. पतंग बाहेर येताना त्यांना पाहायचा होता. काही दिवसांनी बाटलीतील मातीतून एक छोटा नेचा आणि एक गवताची काडी उगवली! दिवसा पाण्याची वाफ काचेवर जमे आणि थेंब होऊन पुन्हा मातीत जाई. बाहेरचा धूर आत जात नव्हता आणि आतली ओल बाहेर येत नव्हती. झाकण गंजून आत पावसाचे पाणी शिरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार वर्षे, ती रोपे पाणी न घालता जगली.

वॉर्ड यांनी मग काचेच्या बंद पेट्या बनवल्या. १८३३ साली अशा दोन पेट्यांतून नेचे आणि इतर रोपे जहाजाने ऑस्ट्रेलियातील सिडनीला पाठवली. काही महिन्यांच्या समुद्रप्रवासानंतरही रोपे हिरवीगार होती. त्याआधी अशा प्रवासात खारे वारे आणि गोड्या पाण्याची टंचाई यांमुळे बहुतेक रोपे मरत. पुढे १८४८ ते १८५१ या काळात रॉबर्ट फॉर्च्यून याने चीनमधून चहाची हजारो रोपे याच पेट्यांतून भारतात, हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांसाठी आणली. बाटलीत चुकून उगवलेल्या एका नेच्यामुळे झाडे समुद्र ओलांडू लागली.

आपली पेटी म्हणजे लोणच्याची रिकामी बरणी. ती काचेची आणि रुंद तोंडाची असावी. गरम पाण्याने धुऊन घ्या, तेलाचा वास राहू देऊ नका. तळाशी दोन बोटे माती घाला. मोठ्या माणसाच्या मदतीने त्या मातीवर उकळते पाणी ओता, म्हणजे बुरशी आणि गवताचे बी मरेल. जास्तीचे पाणी निथळून टाका आणि माती पूर्ण थंड होऊ द्या. तोवर ज्याचे ठिपके गडद तपकिरी झाले आहेत असे नेच्याचे पान दोन पांढऱ्या कागदांमध्ये ठेवून द्या. दोन दिवसांनी कागदावर बारीक भुकटी दिसेल. ती चिमूटभर मातीवर शिंपडा. वर माती टाकू नका. झाकण लावा, बरणीवर तारीख लिहा आणि ती ऊन न येणाऱ्या खिडकीत ठेवा.

पहिले काही आठवडे काहीही दिसणार नाही. मित्र हसतील. मग एके दिवशी मातीवर हिरवट रंग चढेल. शेवाळच आहे, असे वाटेल. भिंग घेऊन पाहा, त्यात बदामाच्या आकाराच्या चकत्या दिसू लागतील. आता आठवड्यातून एकदा त्यांच्यावर उकळून थंड केलेले पाणी बारीक फवारा. पोहणाऱ्या पेशींना पाणी लागते, हे तुम्हांला माहीत आहे. त्यानंतर चकतीच्या कडेतून टाचणीएवढे पहिले पान वर येईल. गणपतीच्या सुट्टीनंतर बीजाणू पेरले, तर रोपे कुंडीत लावण्याजोगी होईपर्यंत वार्षिक परीक्षा जवळ येते आणि पाठोपाठ मेची सुट्टी लागते. सुट्टीत बरणी कोणाच्या घरी जाणार, हे वर्गात आधीच ठरवून ठेवा.

स्वाध्याय

१. नेच्याच्या जन्मासाठी पाण्याची गरज का असते? चार-पाच वाक्यांत लिहा.
२. बीजाणूंचे ठिपके आणि खवले कीड यांतील फरक कसा ओळखाल?
३. तुमच्या घराजवळील किंवा शाळेतील ओलसर, सावलीच्या जागेचे वर्णन करा. तेथे कोणता नेचा लावाल आणि का?
४. 'खत' या शब्दाचा मराठीत एक आणि उर्दूत दुसरा अर्थ आहे. असे आणखी तीन शब्द शोधा व वाक्यांत उपयोग करा.
५. हौद, जमीन, हवा हे शब्द दोन्ही भाषांत आहेत. पाठातून असे आणखी पाच शब्द निवडा.